पार्ले पूर्व, नूतनीकरण केलेला टू बीएचके (सोसायटी रीसेल): रंगाखाली काय आहे ते कसं तपासायचं?

पारिजात
मंडळी, विलेपार्ले पूर्वेचा एक रीसेल टू बीएचके जवळपास पक्का करायच्या बेतात आहोत. तपशील असा: इमारत १९८३ ची, तळ अधिक चार, मजल्यावर चार घरं, नोंदणीकृत सहकारी सोसायटी. घर तिसऱ्या मजल्यावर, करारात चटई क्षेत्र (कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा) ५८५ चौ. फूट. मालकांनी मागच्या वर्षी पावसाळ्याआधी सगळं घर नवं करून घेतलंय. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूम नवीन, हॉलला फॉल्स सीलिंग, कन्सील्ड वायरिंग, बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. एक पार्किंगही ‘सोबत’ आहे म्हणतात. मागणी २ कोटी ५५ लाख.

एजंटचा तगादा आहे की याच आठवड्यात टोकन (बयाणा) द्या. घर दिसायला छान आहे. पण चाळीस वर्षांची इमारत आतून कशी आहे ते कळायचं कसं? आणि नूतनीकरणाचे किती पैसे मोजावेत?

मोजपट्टी
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे गेल्या दोन वर्षांतले इंडेक्स टू (नोंदलेल्या कराराचा सारांश) शोधा. त्यावर मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, मजला सगळं असतं. त्याच इमारतीत नूतनीकरण न केलेलं घर कितीला नोंदलं गेलं ते बघा. तो आकडा आणि तुमची मागणी यातला फरक म्हणजे तुमच्याकडे नूतनीकरणाचे मागितलेले पैसे. तो एकदा वहीत लिहून ठेवा, पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून बघता येईल.

भाव बोलताना चटई क्षेत्रच धरा. रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) हिशेबात जुन्या पद्धतीच्या चटई क्षेत्राला १.२ ने गुणून बिल्टअप (भिंतींसह क्षेत्र) काढतात, म्हणजे ५८५ चे ७०२ होतात. एजंट भाव कमी दाखवायला नेमका हाच दुसरा आकडा घेतात. टेप घेऊन स्वतः मोजा, बाल्कनी वेगळी लिहा.

ओळंबा
टोकनच्या आधी घर पुन्हा एकदा भर दिवसा बघा. सोबत टॉर्च, पाच मीटरचा टेप, लेव्हलची पट्टी आणि एक नाणं न्या.

सगळ्यात आधी फॉल्स सीलिंग. ते शोभेसाठी असेलही, पण त्याच्यामागे स्लॅब झाकला गेलाय हे खरं. ते तोडायला कुणी देणार नाही आणि तशी गरजही नाही. छतातले गोल एलईडी दिवे दोन स्प्रिंगवर अडकवलेले असतात. इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करवून एक दिवा खाली ओढा, साधारण तीन इंचांचं भोक मोकळं होतं. त्यातून मोबाइलचा कॅमेरा टॉर्च लावून आत सरकवा आणि चारही दिशांना व्हिडिओ घ्या. हॉलमध्ये किमान तीन ठिकाणी, त्यातलं एक बाहेरच्या भिंतीजवळ, एक वरच्या घराच्या बाथरूमच्या बाजूला. काय शोधायचं? एका रेषेत जाणारे तपकिरी डाग, साधारण सहा-सहा इंचांवर समांतर. ते सळयांचे असतात. गंज चढला की सळई फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि ती खालचं १५-२० मिलिमीटरचं काँक्रीट ढकलून देते. आधी बारीक चीर, मग फुगवटा, मग पोपडे. पांढरी पावडर दिसली तर वरून पाणी झिरपतंय. ताज्या सिमेंटचे करडे पट्टे दिसले तर दुरुस्ती झालीय. ती पॉलिमर मॉर्टरने सळया घासून, त्यांना गंजरोधक लावून केली की नुसतं प्लास्टर थापलं, ते बिलं मागून विचारा.

जिथे फॉल्स सीलिंग नाही (बेडरूम, पॅसेज) तिथे बीमच्या खालच्या कडेवर नाण्याने टकटक करा. धड काँक्रीट ठण्ण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. नवीन पुट्टीखालीही हा फरक लपत नाही.

बाल्कनी हा माझ्या मते या घराचा सगळ्यात नाजूक भाग. बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून बाहेर लोंबता असतो. अशा स्लॅबची मुख्य सळई खाली नसते, वर असते, आणि ताण पडून चीर जाते ती वरच्या बाजूला, हॉलच्या भिंतीच्या रेषेत. म्हणजे तुमच्या घरात ती चीर असलीच तर ती नव्या टाइलच्या खाली आहे, दिसणार नाही. म्हणून तीन गोष्टी बघा. एक, जुन्या दाराच्या जागी वर बीम दिसतोय का. भिंत काढली तरी बीम राहायलाच हवा. दोन, बाल्कनीच्या कडेला पूर्वीच्या कठड्याच्या जागी विटांची पूर्ण भिंत बांधलीय की ॲल्युमिनियमची खिडकी बसवलीय. लोंबत्या स्लॅबच्या टोकाला साडेचार इंची भिंत म्हणजे नको तिथे वजन. तीन, लेव्हलची पट्टी बाल्कनीच्या जागी बाहेरच्या दिशेने ठेवा. टाइल नवी असूनही बुडबुडा हलत असेल किंवा त्या रेषेत टाइलचा सांधा उघडलेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी न्या. अर्ध्या तासाच्या भेटीचे पैसे इथे वाया जात नाहीत.

फरशी_फिटर
टाइल्सबद्दल. जुनी मोझेक काढून नवी बसवली की जुन्यावरच चढवली, ते मुख्य दारात उभं राहून कळतं. बाहेरच्या लॉबीची फरशी आणि घरातली फरशी यांत किती फरक आहे तो मोजा, सोबत तळाशी तासलेली दारं आणि खाली आलेल्या खिडकीच्या कट्ट्यांची उंचीही बघा. शेजारचं न बदललेलं घर बघायला मिळालं तर उत्तमच.

ओळंबा
बरोबर, आणि जुनीवरच मॉर्टर (सिमेंट-वाळूचा गिलावा) घालून चढवली असेल तर वजन किती वाढतं तेही सांगतो. ४० मिलिमीटर मॉर्टरचा थर साधारण ८० किलो आणि १० मिलिमीटर टाइल साधारण २३ किलो, म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोच्या वर. राहत्या घराच्या स्लॅबला माणसं-सामान धरून चौरस मीटरला २०० किलो भाराचा हिशेब धरतात. त्यातला निम्मा नव्या फरशीनेच खाल्ला. ५० चौरस मीटरला पाच टन. १९८३ च्या स्लॅबवर हे नको.

फरशी_फिटर
सरसकट तसं नाही. जुन्या टाइलवर केमिकल ॲडहेसिव्हने नवी टाइल लावली तर थर पाच मिलिमीटरचा असतो, वजन चौरस मीटरला तीसएक किलो, सगळ्या घरात दीड टन. उलट जुनी फरशी ब्रेकरने फोडताना म्हाताऱ्या स्लॅबला जे हादरे बसतात ते जास्त वाईट. तेव्हा टाइलवर टाइल ऐकून घाबरू नका, उंची मोजा. पूर्वीपेक्षा दीड सेंटीमीटर चढली असेल तर ॲडहेसिव्ह, पाच सेंटीमीटर चढली असेल तर मॉर्टर.

ओळंबा
हे मान्य. पाच सेंटीमीटर निघाली तर मात्र भाव पाडायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

नहाणी_ट्रॅप
बाथरूम नवीन म्हणजे काय नवीन, हे विचारा. सनक स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) उघडून, जुना कोबा (त्यातला भराव) काढून, वॉटरप्रूफिंग करून, नवीन ट्रॅप (जाळीखालचं, वास अडवणारं पाण्याचं भांडं) बसवून काम झालं की फक्त टाइल आणि फिटिंग बदलली? पहिलं काम खर्चिक, दुसरं स्वस्त, आणि वरून दोन्ही सारखीच चकाचक दिसतात.

ओळखायचं असं. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली हवी. बरोबरीला आलेली असेल तर जुन्यावरच टाइल चढलीय. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आत टॉर्च मारा. आत जुना बिडाचा ट्रॅप आणि त्यावर पीव्हीसीची नवी कॉलर बसवलेली दिसली तर तो जोड कधी ना कधी गळणार. शॉवरखाली बादली ओता, पाणी एका मिनिटात जाळीकडे धावायला हवं. कोपऱ्यात थबकलं तर उतार चुकलाय.

खरी परीक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. जाळी बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन इंच पाणी ४८ तास भरून ठेवायचं, पातळीची खूण पेन्सिलने टाइलवर करायची आणि खालच्यांचं छत बघायचं. मालक तयार नसतील तर निदान खालच्यांची बेल वाजवून छत दाखवा म्हणा. सोसायटीत त्यांनी गळतीची तक्रार केलेली असेल तर ते आपणहून सांगतील.

पाण्याचा दाबही बघा. चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत उंची जेमतेम पाच-सहा मीटर. म्हणजे दाब अर्ध्या बारच्या आसपास. छतातून पडणारा मोठा रेन शॉवर बसवला असेल तर त्यातून धार नाही, थेंब पडतील. सगळे नळ उघडून बघा.

फेज_न्यूट्रल
‘वायरिंग नवीन’ हेही तपासता येतं. डीबीचं (घरातल्या वीज-वितरण पेटीचं) झाकण उघडायला लावा. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. आकडा वायरीच्या आवरणावर छापलेला असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा, त्याचं ‘टी’ बटण दाबल्यावर तो पडायलाच हवा.

बहुतेक ठिकाणी हमखास राहून जाते ती मीटर रूमपासून घरापर्यंतची मेन केबल. आतलं सगळं नवीन, आणि ही मात्र जुनीच. तीन एसी, दोन गीझर, ओव्हन, वॉशिंग मशीन धरले तर बारा किलोवॅट सहज होतात. सिंगल फेजवर ४० अँपिअरला साधारण सव्वानऊ किलोवॅट बसतात. वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते वाचा. कमी असेल तर भार वाढवून थ्री फेज घ्यावं लागेल, नवी केबल जिन्यातून आणायला सोसायटीची परवानगी लागेल.

स्वयंपाकघराची जागा हलवलीय का तेही विचारा. पाइप गॅस असेल तर महानगर गॅसची पाइप मॉड्युलर कपाटाच्या मागे बंद केलेली नसावी, ती उघडी आणि हवेशीर जागीच हवी. फेरबदल त्यांच्याकडूनच करून घ्यायचा असतो, त्याची पावती मागा.

खजिनदार_काका
आता सोसायटीच्या बाजूने. सेक्रेटरींना भेटा आणि हे मागा: शेवटच्या तीन वर्षांची वार्षिक सभेची इतिवृत्तं, लेखापरीक्षित ताळेबंद, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल, मालकांचं शेवटचं मेंटेनन्स बिल. तुम्ही अजून सभासद नाही, तेव्हा विकणाऱ्यांनी अर्ज करून प्रती घ्याव्यात. द्यायला टाळाटाळ झाली तर तीही माहितीच समजा.

आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. शिवाय मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. अहवालात वर्ग बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ.

बिल बारकाईने वाचा. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या किमान वार्षिक ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. पण बांधकाम खर्च १९८३ चा धरत असतील तर निधीत काही साठलेलंच नसतं, आणि मोठं काम निघालं की घरटी वर्गणी लागते. मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होऊ नका.

नूतनीकरणासाठी मालकांनी सोसायटीची लेखी परवानगी घेतली होती का आणि अनामत परत मिळाली का, हे जरूर विचारा. परत मिळाली असेल तर काम संपल्यावर समितीने येऊन बघितलं आणि कुणाची तक्रार नव्हती. अडकून असेल तर का, ते कळायला हवं.

ट्रान्सफर प्रीमियम (घर तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, अधिक ५०० हस्तांतरण शुल्क आणि १०० प्रवेश शुल्क. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर देण्याचं बंधन नाही.

दस्तऐवज
पार्किंगचं आधी सांगतो. मोकळी किंवा स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा घरासोबत विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात हे स्पष्ट केलंय. वाटप सोसायटी उपविधींप्रमाणे करते. तेव्हा करारात ‘एक पार्किंगसह’ लिहून घेतलं तरी त्याचे पैसे देऊ नका. प्रतीक्षायादी किती लांब आहे ते विचारा.

कागदांची साखळी: बिल्डरबरोबरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंत प्रत्येक करार मूळ प्रतीत, नोंदणी पावती आणि मुद्रांक शुल्कासह. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारांवर शुल्क पूर्ण भरलंय का नीट बघा, कारण कमी भरलेलं असेल तर तुमच्या वेळी ते वर येतं. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला प्रत्येक हस्तांतराची नोंद हवी. घर वारशाने आलं असेल तर फक्त नॉमिनी असणं पुरत नाही. नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालकी वारसांची. भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा.

भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि जमिनीचं प्रॉपर्टी कार्ड हेही मागा. कार्डावर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही. मंजूर नकाशात बाल्कनी बाल्कनीच दाखवली असेल आणि बंद करायला पालिकेची परवानगी नसेल तर ते अनधिकृत काम तुमच्या नावावर येतं. बँकेचा व्हॅल्युअरही (घराची किंमत ठरवणारा) नकाशाशी ताडतो.

मोजपट्टी
पैशांचा हिशेब करून देतो. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. २.५५ कोटींवर १,९१,२५,००० कर्ज, स्वतःचे ६३,७५,०००. पण बँक किंमत आपल्या व्हॅल्युअरची धरते आणि तो किचन-सीलिंगला फारशी किंमत देत नाही. त्याने २.३५ कोटी लावले तर कर्ज १,७६,२५,००० वर येतं आणि स्वतःचे ७८,७५,००० लागतात. एका व्हॅल्युएशनने पंधरा लाखांचा फरक, तोही टोकन दिल्यावर कळतो.

मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, म्हणजे १५,३०,०००. फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर ५ टक्के, वाचले २,५५,०००. नवऱ्याचं नावही घातलं तर ही सवलत जाते. नोंदणी फी ३०,०००. हे कर्जात धरत नाहीत. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, टोकनपासून प्रत्येक हप्त्यावर. रीसेलवर जीएसटी नाही. मालमत्ता करमाफी ५०० चौ. फुटांपर्यंतच आहे, तुमचं घर त्यात बसत नाही.

मालक ‘वीस लाख फर्निचरच्या वेगळ्या करारात दाखवू’ म्हणाले तर नाही म्हणा. टाइल, सीलिंग, भिंतीत बसवलेली कपाटं हा घराचाच भाग. त्या रकमेवर बँक कर्ज देत नाही.

पूर्वेची_खिडकी
एजंट ‘पुनर्विकास होणारच, दुप्पट होईल’ हे सांगणारच. पार्ले विमानतळाच्या फनेलमध्ये (विमानांच्या मार्गाखालच्या, इमारतींच्या उंचीवर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) येतं. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगनिहाय उंची नकाशात प्लॉट बघा. तिथली उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, त्यातून जमिनीची पातळी वजा करायची. चार-सहा मजल्यांपलीकडे जाता येत नसेल तर बिल्डरचं गणित अवघड. म्हणजे पुनर्विकासाच्या आशेचा भाव मोजू नका. आणि सोसायटीने विकासक नेमायचा ठराव आधीच केलेला असेल तर मॉड्युलर किचनचे पैसे मोजू नका, ते चार वर्षांत ढिगाऱ्यात जाईल.

पारिजात
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत एवढं कळलं: दुसऱ्या मजल्यावरचं तेवढंच, जुन्या अवस्थेतलं घर पाच महिन्यांपूर्वी २ कोटी ३२ लाखांना नोंदलंय. विकासकाचा ठराव नाही. ऑडिट गेल्या वर्षीचं, सी-२बी. वार्षिक सभेत १ कोटी २० लाखांच्या दुरुस्तीला मंजुरी दिलीय, बिलं अजून निघालेली नाहीत. मालक म्हणतात ते खर्च ‘पुढच्या मालकाचे’. फरशी चार सेंटीमीटर चढलेली आहे. बाथरूमचं पाणी भरायला ते तयार आहेत. फॉल्स सीलिंगचे व्हिडिओ काढलेत, बाल्कनीच्या बाजूला दोन तपकिरी रेषा आहेत.

ओळंबा
चार सेंटीमीटर म्हणजे मॉर्टरच आहे. रेषा बाल्कनीच्या बाजूला असतील तर ऑडिटच्या अहवालात त्या सदनिकेची नोंद शोधा. अहवालात घरनिहाय खराबीचा तक्ता असतो. ‘आत प्रवेश मिळाला नाही’ किंवा ‘फॉल्स सीलिंगमुळे पाहणी शक्य नाही’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या घराची दुरुस्ती त्या १.२० कोटींत धरलेलीच नाही. दुरुस्तीच्या वेळी ते सीलिंग तसंही उतरवावं लागणार, तेव्हा त्याचे पैसे शून्य धरा.

खजिनदार_काका
२० घरांत समान वाटले तर घरटी ६ लाख. वाटणी समान की क्षेत्रफळाप्रमाणे, ते ठरावात वाचा.

दस्तऐवज
‘पुढच्या मालकाचे’ हे कुठेही लिहिलेलं नाही, ते तुमच्या-त्यांच्यात ठरवायचं. करारात वाक्य घाला: आजपर्यंत सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या कोणत्याही दुरुस्तीची वर्गणी, मागणी पुढे निघाली तरी, विक्रेत्याने भरायची. आणि तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून राखून ठेवा. ते ऐकले नाहीत तर किमतीतून वजा करा. टोकन चेकने, लेखी समजुतीच्या करारासह: कागद किंवा व्हॅल्युएशन नापास झालं तर परत, असं स्पष्ट लिहून. दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस द्या. करारावर सही झाली की चार महिन्यांच्या आत नोंदणी.

मोजपट्टी
म्हणजे नूतनीकरणाचे मागितले २३ लाख. त्यातून ६ लाख वर्गणी गेली. सीलिंग शून्य, फरशी वजनामुळे उलट उणीच. उरतं किचन, वायरिंग आणि बाथरूम. वायरिंगची आणि प्लंबिंगची बिलं दाखवली तर त्यांचे पैसे जरूर द्या, ती कामं खरोखर टिकतात. मी २.३८ ला बोलणी सुरू करेन, बाथरूम पास झाली तर २.४२ च्या पुढे नाही. मालक वर्गणी स्वतः भरणार असतील तर त्यात ६ लाख मिळवा.

नहाणी_ट्रॅप
मग शनिवारी सकाळी दोन्ही बाथरूममध्ये पाणी भरा. जाळीवर आधी प्लास्टिक, त्यावर ओल्या वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर पाणी ट्रॅपमधूनच हळूहळू जातं आणि वाटतं की गळती आहे. सोमवारी सकाळी पेन्सिलच्या खुणेपासून पातळी किती उतरली ते बघा, दोन-तीन मिलिमीटर हवेत उडतं, त्याहून जास्त नको. मग खाली जाऊन त्यांच्या छताला, विशेषतः पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे, हात लावून बघा.